सात नंबरच्या खोलीतला अभ्यास

मावशीला त्या वृद्धाश्रमात कामाला लागून एकवीस वर्षं झाली होती. तळमजल्यावर चौदा खोल्या, मधून एक लांबलचक बोळ, बोळाच्या एका टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला धुण्याची खोली, एवढा तिचा मुलूख. सकाळी सहाला ॲप्रन चढवायची ती दुपारी तीनला उतरवायची, आणि मधल्या वेळात तिला बसलेली कुणी पाहिली असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं. ठेंगणी, चपळ, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून तीस वर्षांनी मोठे आजोबासुद्धा मावशीच म्हणत, आणि त्यात तिलाही काही वावगं वाटत नसे.

शाळेशी तिचं सूत जमायला वेळच मिळाला नाही. तिसरीत असताना आई अंथरुणाला खिळली, पाठच्या दोन भावंडांना बघायला घरात कुणी नव्हतं, आणि दप्तर सुटलं ते सुटलंच. पुढे लग्न झालं. नवरा भिंती रंगवणारा, स्वभावाने गरीब. एक मुलगी झाली, ती शिकली, औषधांच्या दुकानात लागली. मावशी वाचायची, पण ओळीवर बोट ठेवून. हे बोट कुणी पाहू नये म्हणून ती नोटीस बोर्डापुढे हात मागे बांधून उभी राहायची आणि सगळं वाचल्यासारखं करून पुढे जायची.

सात नंबरच्या खोलीत बाई राहायच्या. बाई म्हणायचं कारण त्या जन्मभर शाळेत शिकवत होत्या, तिकडे दूर त्यांच्या देशात, एस्टोनियन भाषेत. म्हातारपणी एकट्या पडल्या तेव्हा भाच्याने इकडे आणलं. सत्तरी उलटल्यावर त्या इथली भाषा शिकल्या, आणि अशी शिकल्या की वर्षाच्या आत मावशीच्याच चुका काढायला लागल्या. मावशीने घाईत पलंगावर चादर टाकली की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, ही चादर आज रजेवर आहे का?" मावशी धुसफुसत चारही कोपरे पुन्हा खोचायची. बाहेर येऊन ती बाईंना खडूस म्हणायची, पण सकाळचा पहिला चहा सात नंबरला द्यायची. दोघींचं असं छान चाललं होतं.

मग एका दुपारी बाईंना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं, आणि शुद्धीवर आल्या तेव्हा इथली भाषा साफ पुसली गेली होती. जेवा, उठा, गोळी घ्या, काहीच कळेना. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मागून शिकलेली भाषा जाते, पहिली राहते. पण ती तरी राहिली आहे का, हे सांगणार कोण? भाचा इथेच जन्मलेला; त्याला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. त्याने फोन पुढे धरला, म्हणाला, हा सगळ्या भाषा ओळखतो. बाई अडखळत काहीतरी बोलल्या. फोनने फार विचार करून सांगितलं, "हिरवा मासा उद्या शिडी." बाईंनी डाव्या हाताने तो फोन घेतला, उशीखाली सारला आणि वर डोकं ठेवून डोळे मिटले. भाच्याला तो परत मिळवायला अर्धा तास लागला. इथपर्यंत हसण्यासारखं होतं.

हसू पळालं ते फॉर्ममुळे. वृद्धाश्रमाचे डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येत आणि प्रत्येकाच्या नावाचा एक फॉर्म भरत. त्यात 'समज' असा एक रकाना. सांगितलेल्या तीन गोष्टी माणसाने करून दाखवायच्या. लागोपाठ तीन महिने शून्य आलं की त्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर हलवायचं, असा तिथला नियम. दुसरा मजला म्हणजे कुलूपबंद दार, उंचावरच्या खिडक्या, एका हॉलमध्ये बारा पलंग. कपाट नाही, पुस्तकं नाहीत, कपड्यांचे दोन जोड तेवढे न्यायचे. वरच्या मुली वाईट नव्हत्या, पण बारा जणांना भरवायला दोघी; बोलणार कधी आणि कुणाशी? तीन नंबरच्या आजी वर गेल्या तेव्हा जिन्यावरसुद्धा मावशीला नातवाची गोष्ट सांगत होत्या. पंधरा दिवसांनी मावशी त्यांना बघायला गेली, तर त्यांनी तिच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. मावशी त्या दिवशी जेवली नाही.

बाईंना दोन शून्यं मिळाली होती. तिसऱ्या तपासणीच्या सोमवारला चार आठवडे उरले होते.

"सिस्टर, त्यांना सगळं समजतं," मावशी म्हणाली.

सिस्टर म्हणजे वृद्धाश्रमाची कारभारीण. मनाने चांगली, पण तिच्या डोक्यावर अठ्ठेचाळीस माणसं. "कशावरून म्हणता?"

"डोळ्यांवरून."

"फॉर्मवर डोळ्यांचा रकाना नाही हो, मावशी."

मावशी घरी गेली आणि मुलीला म्हणाली, "मला ती भाषा शिकव."

मुलगी हसली. मग आईचं तोंड बघून हसायची थांबली. "आई, मला कुठे येते?"

"तुझ्या फोनला येत असेल. शोध."

मुलीने शोधलं. सुरुवातीचे शब्द झाले, नमस्कार-चमत्कार झाले, आणि आठवड्याने तिला एक सरावाचं पान सापडलं. त्यात शब्द जोडीने होते. मोठं घर, नवीन ब्लँकेट, गरम पाणी. बटण दाबलं की एक बाई स्वच्छ आवाजात ती जोडी म्हणायची, मग थांबायची, मग आपण म्हणायचं. पहिली जोडी मोठ्या घराची.

"सूर माया," फोन म्हणाला.

मावशी चमकली. "काय म्हणाली?"

"सूर म्हणजे मोठं. माया म्हणजे घर."

"घराला माया म्हणतात?" मावशीने विचारलं. जिथे घराला माया म्हणतात तिथली बाई आपण सात नंबरमध्ये ठेवली आहे आणि तिला वरच्या मजल्यावर पाठवायला निघालो आहोत, हे मनात येताच तिने फोन जवळ ओढला आणि बटण पुन्हा दाबलं.

खरी गंमत पुढे होती. मोठ्या घरात म्हणायचं तर सूरेस मायास. मोठ्या घरातून म्हणायचं तर सूरेस्त मायास्त. घराला जे शेपूट लागेल तेच मोठेपणालाही लागायचं; घर आत गेलं की मोठेपण आत, घर बाहेर आलं की मोठेपण बाहेर. आणि अशी रूपं किती, तर चौदा.

"चौदा?" मावशीचा नवरा जेवता जेवता म्हणाला. "एका घराला?"

"मग काय!" मावशी अशा तोऱ्यात म्हणाली की जणू ती चौदाही तिने स्वतः करून ठेवली होती.

त्या रात्री मुलगी सहज म्हणाली, "आई, आपणही करतो की असं. मोठं घर म्हणतो, पण मोठ्या घरात म्हणतो. मोठं घरात म्हणतो का?"

मावशीच्या हातातला घास हातातच राहिला. मोठं घरात. ती मनाशी दोनदा म्हणून बघून शहारली. पन्नास वर्षांत तिने एकदाही तसं म्हटलं नव्हतं, आणि का म्हणायचं नाही हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं. तिसरीत शाळा सुटलेल्या आपल्या तोंडात इतकी वर्षं एवढी शिस्त राहते आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, हे तिला झेपेना. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती लोकांचं बोलणं कान देऊन ऐकत होती. फळवाला, शाळेची पोरं, कंडक्टरशी भांडणारा एक लालबुंद माणूस, सगळे न चुकता शब्दाला शब्द जुळवत होते. भांडतानासुद्धा! मावशीला त्या सगळ्यांबद्दल एकदम आदर वाटला. ती एक थांबा पुढे जाऊन उतरली.

मग तिने आपली युक्ती काढली. खोल्या चौदा, रूपं चौदा. सकाळी पाण्याचे जग घेऊन ती बोळातून निघायची आणि प्रत्येक दाराशी एक रूप म्हणायची. एक नंबरला सूर माया, पाच नंबरला सूरेस मायास, सहाला सूरेस्त मायास्त. उलट येताना दुसरी जोडी. नऊ नंबरचे आजोबा, जन्मभर कुठल्याशा गोदामावर पहारेकरी होते ते, रोज सकाळी "सूरेल्ट मायाल्ट" ऐकायचे. तीन दिवस त्यांनी सोसलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "मावशी, काय शिव्या द्यायच्या त्या मला कळतील अशा द्या." तिने समजावून सांगितल्यावर ते असे काही खूश झाले की ती दाराशी यायच्या आधीच आतून ओरडायला लागले. मावशी गडबडीत आठ नंबरवरून थेट दहावर गेली तर त्यांचा चेहरा दिवसभर उतरलेला असायचा.

शेवटच्या चार दारांशी मात्र तिची गाडी अडायची. पर्यंत, म्हणून, शिवाय आणि सह, ही ती चार रूपं. तिथे शेपूट फक्त घराला. मोठेपण नुसतं शेजारी उभं. दहा दारं इमानाने बरोबर आलेलं हे पोर अकराव्या दाराशी हात का सोडतं, हे तिने मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "नियम आहे, आई." मावशीला ते उत्तर आवडलं नाही, पण तिने ते घोकून टाकलं.

दुसरा आठवडा सरत होता. एका सकाळी ती बाईंना खुर्चीवर बसवून अंघोळ घालत होती. बादलीत हात घालून पाणी बघताना सवयीने पुटपुटली. गरम पाणी म्हणजे सोए वेसी. म्हणून गरम पाण्यात म्हणताना तिने आपल्या हिशेबाने शेपटं जोडली, "सोएस वेसीस."

बाईंच्या डाव्या हाताचं बोट तिच्या मनगटावर पडलं. टक, टक.

मावशीने वर बघितलं. बाई डोळे मिटून ओठ जुळवत होत्या. बराच वेळ गेला. मग वाकड्या तोंडातून, लाळ सावरत, पण एकेक अक्षर सुटं करून त्या म्हणाल्या, "सोयास. वेस."

मावशीच्या हातातला तांब्या बादलीत पडला. तिने ते म्हणून बघितलं. बाईंनी मान डोलावली. तिने पुन्हा म्हटलं. बाईंनी पुन्हा मान डोलावली आणि बोटाने खूण केली, पुढे. ओल्या अंगाने, केसांतून पाणी निथळत असताना बाईंनी गरम पाण्याचा तो सगळा धडा तिच्याकडून म्हणून घेतला, आणि मावशी बादलीशेजारी उकिडवी बसून म्हणत राहिली. पाणी पार गार झालं.  देवळातही ती कधी एवढ्या एकचित्ताने बसली नव्हती. झटक्याने या बाईचं अर्धं अंग नेलं, तोंड वाकडं केलं, आणि आत कुठेतरी ही सगळी रूपं जिथल्या तिथे लावलेली होती, एकही हललेलं नव्हतं.

ती धावत सिस्टरकडे गेली. सिस्टरने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या काहीतरी बोलल्या, ते तुम्हाला बरोबर वाटलं. मी फॉर्मवर काय लिहू?"

"मी त्यांच्या भाषेत सांगते. डॉक्टरांसमोर. त्यांनी केलं तर?"

सिस्टरने खूप वेळ पेनचं टोपण उघडबंद केलं. "डॉक्टरांना विचारते," असं म्हणाली, आणि संध्याकाळी निरोप आला. चालेल. पण एकदाच. तीन गोष्टी, मावशीने त्यांच्या भाषेत सांगायच्या, मधे हातवारे करायचे नाहीत.

आता खरा अभ्यास सुरू झाला. रोज अडीचला कामं उरकून मावशी सात नंबरमध्ये यायची आणि स्टुलावर बसायची. हो, बसायची, लोक दारातून डोकावून बघून जायचे. तांबडा कप, पांढरं टेबल, नवीन ब्लँकेट, जे खोलीत होतं त्याच जोड्या. चूक झाली की बोट, टक टक. बरोबर आलं की नुसती मान. बाई दमायच्या, घाम यायचा, पण मावशी उठायला लागली की तिचा ॲप्रन धरून ठेवायच्या. एकदा मावशीने एकच चूक लागोपाठ पाच वेळा केली, तेव्हा बाईंनी छताकडे बघून असा सुस्कारा टाकला की मावशीला हसूच फुटलं. बाईही हसल्या, अर्ध्या तोंडाने. झटक्यानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

आदल्या दिवशी, रविवारी, मावशी सुट्टी असून आली. उद्या डॉक्टर येणार, तुम्हाला तपासणार, घाबरू नका, एवढं बाईंना सांगायचं होतं. पण एवढं तिला येत कुठे होतं? फोनमध्ये शोधून मुलीने दोन शब्द काढून दिले होते. मावशीने बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "होम्मे एक्साम." उद्या परीक्षा.

बाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पाठ ताठ केली, चष्मा मागितला, आणि जो सराव घेतला त्याला तोड नव्हती. एकदा, दोनदा, तीनदा. सगळ्या जोड्या, उलट्या, सुलट्या. मावशीला वाटलं, बाई स्वतःची तयारी करून घेत आहेत. तिच्या जिवात जीव आला. निघताना बाईंनी तिचा गाल थोपटला.

सोमवारी मावशीने त्यांना इस्त्रीचा ब्लाउज घातला, केस विंचरले. रात्रपाळीची आया सांगून गेली होती की सात नंबरला झोप नव्हती, सारखं पुटपुटणं चालू होतं. दहाला डॉक्टर आले, मागून सिस्टर. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण उद्धट नव्हते. त्यांनी स्टुलावर बसून पाटीवर फॉर्म लावला. "हं, मावशी. करा सुरू."

मावशी भिंतीला टेकून उभी राहिली, हात मागे बांधले.  तिने पहिलं वाक्य म्हटलं. चमचा तांबड्या कपात ठेवा. पुनासेस्से तास्सी, दोन्ही शब्द आपापल्या शेपटांसकट अगदी चोख बाहेर पडले. फोनमधल्या बाईलाही जमलं नसतं असे.

बाई हलल्या नाहीत.

मावशीने वाट बघितली. चमचा तिथेच, कप तिथेच, बाईंच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर. बाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. मावशीकडे बघतसुद्धा नव्हत्या. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. "पुढचं."

पांढऱ्या टेबलावरून पुस्तक घ्या. वाल्गेल्ट लाउआल्ट. हेही चोख. बाईंच्या पापणीचा केसही हलला नाही.  रोज ॲप्रन धरून ठेवणारी ही बाई, ओल्या अंगाने शिकवणारी ही बाई, आज मेणाच्या बाहुलीसारखी बसली होती. बाई, अहो बाई, तिने मनातल्या मनात हाक मारली, बघा ना माझ्याकडे! बाईंनी खिडकीबाहेरच बघत ओठ घट्ट मिटून घेतले.

"तिसरं," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. त्यांना निकाल कळला होता.

तिसऱ्यात पुस्तक नवीन ब्लँकेटवर ठेवायचं होतं. मावशीच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, समोरचं दिसेना, आणि जीभ घसरली. ब्लँकेटला शेपूट लागलं, नवीनला राहूनच गेलं. तिला ते म्हणता म्हणताच कळलं. बाईंच्या मांडीवरचं बोट उचललं गेलं, हवेत थांबलं, आणि त्यांनी ते मुठीत दाबून धरलं.

डॉक्टरांनी फॉर्मवर तिसरी रेघ ओढली आणि उठले. "प्रयत्न फार चांगला केलात, मावशी. वाईट वाटून घेऊ नका." सिस्टर कपाटाकडे बघत होती, आता यातलं काय काय भाच्याकडे पाठवायचं म्हणून. मावशीला बसायचं होतं, पण स्टूल डॉक्टरांच्या मागे होतं.

तेवढ्यात डॉक्टर अडखळले. बाईंनी त्यांच्या कोटाची बाही धरली होती.

त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. पाटी, पाटी द्या. डॉक्टरांनी गोंधळून सिस्टरकडे बघितलं आणि पाटी दिली. बाईंनी ती मांडीवर टेकवली, डॉक्टरांच्या हातातलं पेन काढून घेतलं, चष्मा नीट केला, आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलाने लिहावं तसा जोर लावून, फॉर्मच्या माथ्यावर एक आकडा काढला. त्याच्याभोवती गोल केला. खाली सही केली. मग पाटी मावशीपुढे धरली आणि म्हणाल्या, "तुब्ली." शाबास.

आकडा चारचा होता.

 मावशीने तो चार बघितला, बाईंचा थकलेला, आनंदाने फुललेला चेहरा बघितला, आणि मग एकेक गोष्ट तिच्या डोक्यात शिरायला लागली. ती स्वतः उभी होती, हात मागे बांधून. समोर कोटातला माणूस कागद घेऊन बसला होता. ती म्हणत होती, तो लिहीत होता. अशा वेळी शिक्षिकेने काय करायचं असतं? गप्प बसायचं असतं. विद्यार्थिनीकडे बघायचंसुद्धा नसतं. मुलगी चुकली तरी बोट दाबून धरायचं असतं. जन्मभर ज्या बाईने परीक्षेत कुणाला अर्ध्या शब्दाची मदत केली नसेल, तिने ती आजही, जीव तुटत असताना, केली नव्हती.

"हे चार कसले?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझे मार्क, डॉक्टर," मावशी म्हणाली, आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "माझी परीक्षा आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी मला मार्क दिलेत."

डॉक्टर खाली बसले. "कितीपैकी?"

मावशीने चार बोटं दाखवली, मग भुवया उंचावल्या. बाईंनी लगेच पाचही बोटं पसरली आणि अंगठा दुमडला.

"एक का कापला ते विचारा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजातली घाई कुठल्या कुठे गेली होती.

"मिक्स?" मावशीने विचारलं. का?

बाईंनी तिच्याकडे, हे विचारायची गरज आहे का, अशा नजरेने बघितलं. मग टेबलावरचं पुस्तक डाव्या हाताने उचललं, वळून पलंगावरच्या नवीन ब्लँकेटवर ठेवलं, त्याच्यावर बोट आपटलं, आणि डॉक्टरांनाही कळावं एवढ्या सावकाश म्हणाल्या, "उएले. तेकिले." दोन्ही शेपटं, दोन्ही जागी.

 डॉक्टरांनी पाटीवरचा कागद काढला. "सिस्टर, नवा फॉर्म द्या. हा यांनी भरलाय." आणि तो चारच्या आकड्याचा कागद, तीन रेघांसकट, त्यांनी मावशीच्या हातात दिला.

बाई त्यानंतर सव्वादोन वर्षं सात नंबरमध्येच राहिल्या, कपाट, पुस्तकं आणि खिडकी सगळ्यासकट. पुढे मावशी त्यांच्याशी बऱ्यापैकी बोलायला लागली. पण ती परीक्षा खरी कुणाची होती, हे तिने त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायचं ठरवून एकदा ती स्टुलावर बसलीही होती. तेव्हा भाच्याच्या बायकोला बाई मावशीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या, आणि मावशीने ते तिला समजावून द्यावं म्हणून थांबल्या होत्या. मावशीने ते समजावून दिलं. बाई सांगत होत्या की ही माझी विद्यार्थिनी, हिला नोकरीवरून काढायला निघाले होते, त्या रात्री काळजीने माझा डोळ्याला डोळा लागला नाही, पण पोरगी पास झाली.